लॉगबुक चोरीला गेलंय आणि ऑगस्टमध्ये सॅन होजेला यायचंय, तर आधी पुण्यातच हे करून घे

तुझा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे डीजीसीएचं (भारताच्या विमान वाहतूक खात्याचं) पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचं लायसन्स, २०२२ ला मिळालं, ९० च्या आसपास तास झालेत, मार्चमध्ये नागपूरहून पुण्याला येताना रात्री ट्रेनमधून सॅक गेली त्यात लॉगबुक (उडालेल्या तासांची नोंदवही) होतं, लायसन्स घरी होतं म्हणून वाचलं, आणि आता ऑफिसतर्फे ऑगस्टमध्ये इकडे कॅलिफोर्नियात यायचंय तर जुने तास सोडून देऊन इथे कोरं लॉगबुक सुरू करावं का, असं विचारतेयस. वयाने बरीच लहान आहेस म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.

सोडून देऊ नकोस. मी इथे सेस्ना १७२ हे छोटं विमान भाड्याने घेतो तर तासाला २०० डॉलरच्या आसपास जातात, म्हणजे ९० तास परत उडायचे तर १८ हजार डॉलर झाले. आणि भारतात तिथल्या अधिकृत इन्स्ट्रक्टरबरोबर केलेलं ट्रेनिंग एफएए (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) धरतं, त्यांच्या नियमावलीच्या भाग ६१ मधल्या ६१.४१ या नियमात ते सरळ लिहिलंय. पुढे कधी कमर्शियल लायसन्स करावंसं वाटलं तर इथे भाग ६१ खाली २५० तास लागतात, त्यात तुझे हे ९० मोजले जातील. पण ते सिद्ध करणारे कागद सगळे भारतात आहेत, आणि इथून फोन करून भारतातल्या क्लबच्या कपाटातलं रजिस्टर काढायला लावणं किती अवघड असतं ते मी एका मित्राच्या बाबतीत बघितलंय, सात महिने गेले त्याचे. म्हणून म्हणतो, निघायच्या आधीच कर.

माझं लॉगबुकही चोरीला गेलं होतं. २०१९ च्या जानेवारीत आई-बाबा आले होते, त्यांना सॅन फ्रान्सिस्को दाखवायला नेलं, गाडी लावून तासभर फिरलो, परत आलो तर मागची काच फुटलेली आणि बॅग गायब. हेडसेट, लायसन्स, मेडिकल (वैद्यकीय तपासणीचं सर्टिफिकेट) आणि लॉगबुक. २१२ तास होते त्यात. हेडसेट महाग होता पण त्याचं काही वाटलं नाही. पहिल्या सोलोच्या (एकट्याने केलेल्या उड्डाणाच्या) ओळीपुढे माझ्या इन्स्ट्रक्टरची सही होती, आणि एका ओळीत शेऱ्याच्या रकान्यात मी फक्त 'आई, हाफ मून बे' एवढंच लिहिलं होतं, ती पानं गेली याचं अजूनही वाईट वाटतं. आई तर गाडीत रडायलाच लागली, तिला वाटलं आता माझं विमान चालवणं बंद.

बंद काही होत नाही. लायसन्स हरवलं तर एफएएच्या साइटवर २ डॉलर भरून नवीन मागवता येतं, ते येईपर्यंत ६० दिवस चालणारं तात्पुरतं पत्र मिळतं. मेडिकलचंही तसंच, २ डॉलर. लॉगबुकचं मात्र तसं नाही, कारण ते सरकारने दिलेलं नसतंच, ते तू ठेवलेलं असतं, त्यामुळे त्याची डुप्लिकेट कॉपी कुठल्याच ऑफिसात मिळत नाही. ते परत उभं करावं लागतं, दुसऱ्यांच्या कागदांवरून. एफएएने त्यांच्या इन्स्पेक्टरांसाठी जे मार्गदर्शन लिहिलंय त्यात हेच आहे, की आधी किती तास झाले होते याचं सही केलेलं, नोटरी केलेलं निवेदन द्यायचं आणि त्याला जमेल तेवढा पुरावा जोडायचा, विमानाची लॉगबुकं, भाड्याच्या पावत्या, ऑपरेटरची पत्रं, आणि त्यावरून नवीन लॉगबुक सुरू करायचं.

आता तुझं. आधी पोलीस. तू लिहिलंयस की ऑनलाइन 'गहाळ' म्हणून नोंद केली. ती पुरेशी नाही, तुझी वस्तू हरवलेली नाही, चोरीला गेलीये, तर एफआयआर हवा. ट्रेनमधली चोरी म्हणजे लोहमार्ग पोलीस. कुठल्या स्टेशनच्या हद्दीत गेली ते तुला माहीत नाही, झोपेत होतीस, पण झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात करता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवायला लागले तर शांतपणे हे सांग. आणि त्यात नुसतं 'सॅक व कागदपत्रे' असं लिहून घेऊ नकोस, 'वैमानिकाचे लॉगबुक', पहिली नोंद साधारण कधीची, शेवटची कधीची, लायसन्स नंबर, हे सगळं घालायला लाव. चार महिन्यांनी कॅलिफोर्नियात तो कागद कुणी वाचेल तेव्हा त्याला त्यातून लॉगबुक दिसलं पाहिजे.

मग क्लब. इथे खरी मेहनत आहे. तू लिहिलंयस की क्लबवाले 'बघू, रेकॉर्ड शोधावं लागेल' म्हणतायत. फोनवर तसंच म्हणणार. स्वतः जा, दोन दिवस काढून जा. तिथे तुझे तास तीन ठिकाणी असतात: फ्लाइट ऑथोरायझेशनचं (उड्डाणाच्या परवानगीचं) रजिस्टर, विमानाचं स्वतःचं जर्नी लॉग (प्रवासांची नोंदवही), आणि तुझी ट्रेनिंगची फाइल. शिवाय अकाउंट्सकडे तू तासांसाठी भरलेल्या पैशांच्या पावत्या. रजिस्टरच्या पानांचे फोटो काढू देतात का विचार, नाही तर तिथेच बसून तारीख, विमानाचा व्हीटी नंबर (नोंदणी क्रमांक), कुठून कुठे, किती वेळ, ड्युअल (इन्स्ट्रक्टरबरोबर) की सोलो असं वहीत उतरवून घे आणि शेवटी क्लबच्या लेटरहेडवर एकूण तासांचं पत्र घे, चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरची सही, शिक्का आणि त्यांचा लायसन्स नंबर यांसकट. एक सांगून ठेवतो, भारतात सीएफआय म्हणजे चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर, क्लबात एकच असतो, आणि इथे सीएफआय म्हणजे कुठलाही सर्टिफाइड फ्लाइट इन्स्ट्रक्टर, त्यामुळे पत्रात पद पूर्ण लिहायला लाव, नाहीतर इथला माणूस गोंधळतो. पत्रात नुसतं 'एकूण ९० तास' नको, ड्युअल किती, पायलट इन कमांड (विमानाची जबाबदारी तुझ्यावर असताना) किती, क्रॉस कंट्री (दुसऱ्या ठिकाणी जाऊन केलेले) किती, रात्रीचे किती, इन्स्ट्रुमेंट (नुसत्या उपकरणांवर बघून उडवलेले) किती, कुठल्या प्रकारच्या विमानावर किती, असं सुटं पाहिजे, कारण इथल्या प्रत्येक रेटिंगसाठी (लायसन्सवरच्या जादा परवानगीसाठी) वेगवेगळा आकडा बघतात.

क्लबात जाऊन येईपर्यंत घरी बसून ई-जीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर) लॉगिन कर आणि पीपीएलच्या अर्जासोबत काय काय अपलोड केलं होतंस ते सगळं उतरवून घे. लायसन्स मिळालं त्या दिवशी तुझे किती तास डीजीसीएसमोर मांडले गेले ते त्यात आहे. हा तुझा सगळ्यात भक्कम खुंटा. मला असाच उपयोग झाला होता, चेकराइडच्या (लायसन्ससाठीच्या उड्डाण परीक्षेच्या) वेळचा ८७१०-१ हा अर्जाचा फॉर्म एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या ऑफिसात माझ्या फाइलमध्ये होता, त्यात ६८.४ तास, आणि दोन मेडिकलच्या अर्जांत त्या त्या वेळचे एकूण तास आणि मागच्या सहा महिन्यांतले तास लिहिलेले. असे तीन खुंटे पक्के झाल्यावर मधली जागा भरत गेलो, क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट, क्लबच्या बुकिंगच्या नोंदी, फोरफ्लाइट या उड्डाणाच्या अॅपमध्ये सेव्ह झालेले ट्रॅक. आणि ज्याचा विचारच केला नव्हता ती गोष्ट म्हणजे फोनमधले फोटो. मला उतरल्यावर हॉब्स मीटरचा (विमान किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचा) फोटो काढायची सवय होती, बिल चुकू नये म्हणून, त्या फोटोंवर तारीख आणि वेळ होती, त्यावरून चाळीसच्या वर उड्डाणं सापडली. तुझेही फोटो बघ, व्हॉट्सॅपवर घरच्यांना पाठवलेले पण बघ, 'आज पहिल्यांदा एकटी जळगावला जाऊन आले' असा एखादा मेसेज असेल तर त्याची तारीख पावतीशी जुळते का बघ. नुसता मेसेज पुरावा नाही, पण कुठली पावती शोधायची ते तो सांगतो.

आता ही एक गोष्ट मनापासून सांगतोय. जे तास सापडत नाहीत ते लिहू नकोस. माझे २१२ होते हे मला पक्कं माहीत होतं, शेवटच्या पानाची बेरीज डोळ्यासमोर होती, पण कागदावर १९७ च भरले. १५ तास सोडले. तेव्हा जीव तुटला होता, पण उरलेल्या १९७ वर मला आजपर्यंत कुणी बोट ठेवलेलं नाही. इथे लॉगबुकात मुद्दाम खोटी नोंद केली तर ६१.५९ खाली सगळी सर्टिफिकेटं रद्द होऊ शकतात, एकच नाही, सगळी. त्यामुळे तुझे ९० च्या जागी ८३ निघाले तर ८३ लिही. आणि मग तोच आकडा सगळीकडे वापर. इथे मेडिकलसाठी मेडएक्सप्रेस म्हणून ऑनलाइन फॉर्म आहे, त्यात एकूण तास विचारतात, लोक तिथे अंदाजे काहीतरी ठोकतात आणि पुढे तोच आकडा लॉगबुकाशी जुळत नाही. विमानाच्या विम्याच्या फॉर्मवर पण तेच.

नवीन लॉगबुकात जुनी उड्डाणं एकेक करून अशी भरू नकोस की जणू ती त्याच दिवशी लिहिली होती. पहिल्या पानावर स्पष्ट लिही की मूळ लॉगबुक अमुक तारखेला चोरीला गेलं, एफआयआर नंबर अमुक, खालचे आकडे अमुक पुराव्यांवरून काढलेत, आणि मग रकान्यांप्रमाणे एकच मागील बेरीज. उड्डाणांची यादी वेगळ्या कागदांवर, प्रत्येक ओळीपुढे ती कशावरून आली ते. हे सगळं प्रतिज्ञापत्राला जोडून पुण्यात नोटरी करून घे. इंग्रजीत कर, मराठीत केलंस तर इथे भाषांतर मागतील.

आता वेळेचं गणित, कारण यात लोक चुकतात. तुझ्या भारतीय लायसन्सवरून इथे परीक्षा न देता प्रायव्हेट सर्टिफिकेट मिळतं, ६१.७५ म्हणतात त्याला. त्यासाठी एफएए आधी डीजीसीएकडून लायसन्स खरं आहे का ते तपासून घेतं, त्याला ४५ ते ९० दिवस धर, आणि मग येणारं पत्र ६ महिने चालतं. म्हणजे अर्ज आत्ता जूनमध्येच टाक, अर्जात जवळचं एफएए ऑफिस विचारतात तिथे सॅन होजे लिही. इथे आल्यावर त्या ऑफिसात किंवा तिथून सांगतील त्या परीक्षकाकडे मूळ लायसन्स, पासपोर्ट, मेडिकल आणि हे नवीन लॉगबुक घेऊन जायचं. त्या सर्टिफिकेटवर तुझ्या भारतीय लायसन्सचा नंबर छापलेला असतो आणि मूळ लायसन्स जवळ असेल तरच ते चालतं, तिथल्या मर्यादाही सोबत येतात, म्हणजे तुझ्या पीपीएलवर नाइट रेटिंग नसेल तर इथेही रात्री पायलट इन कमांड म्हणून उडता येणार नाही. त्यामुळे लायसन्स सॅकमध्ये नाही, अंगावर ठेव प्रवासात.

नंतर एका इन्स्ट्रक्टरबरोबर फ्लाइट रिव्ह्यू (उजळणी), कमीत कमी एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत, आणि कुणाला बरोबर घ्यायचं तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग. हे नवीन लॉगबुकात व्यवस्थित लिहून घे. पुढे इन्स्ट्रुमेंट रेटिंग करायचं ठरलं तर तू अमेरिकन नागरिक नसल्याने आधी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची) परवानगी लागेल, त्याशिवाय कुठलीही शाळा शिकवायला सुरुवात करणार नाही.

आणि इथे जे एंडोर्समेंट (इन्स्ट्रक्टरने लॉगबुकात सही करून दिलेल्या परवानग्या) मिळतील त्यांचा फोटो सही झाल्या झाल्या काढ. लॉगबुक गेलं तेव्हा माझं २०० हॉर्सपॉवरच्या वरच्या इंजिनाचं एंडोर्समेंटही गेलं, आणि ज्या इन्स्ट्रक्टरने ते दिलं होतं तो तोपर्यंत एअरलाइनला लागून दुसऱ्या राज्यात गेला होता. इन्स्ट्रक्टरला सोलो आणि परीक्षेच्या एंडोर्समेंटच्या नोंदी ३ वर्षं ठेवाव्या लागतात, बाकीच्या ठेवायचं बंधन नाही. नियमावलीच्या भाग १४१ खाली चालणाऱ्या फ्लाइंग शाळांना विद्यार्थ्याचं रेकॉर्ड कोर्स संपल्यावर फक्त १ वर्ष ठेवायचं असतं, पण मागितलं तर कॉपी द्यावी लागते, म्हणून कोर्स संपला त्याच आठवड्यात माग. मला ते एंडोर्समेंट परत उडून घ्यावं लागलं. आता मी दर महिन्याला शेवटच्या रविवारी पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवतो, एक कॉपी नाशिकला बहिणीकडे.

क्लबच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर सांग, माझ्याकडे त्या मित्रासाठी केलेला आहे, नावं काढून पाठवतो. आणि येशील तेव्हा पहिल्या महिन्यात कळव, मी पालो आल्टोहून उडतो, शनिवारी सकाळी समुद्रावरचं धुकं मागे सरलं की हाफ मून बेला जाऊन येऊ, डावी सीट माझी असेल पण रेडिओ तू घे, इथले कंट्रोलर भरभर बोलतात त्याची कानाला सवय होईल.