बेंड झाला म्हणून लगेच भट्टीत ढकलू नकोस

भोसरीत नवीन लागलायस ना, मग आधी पाइपचं सर्टिफिकेट काढून ग्रेड, म्हणजे पोलाद कुठल्या जातीचं ते, बघ. साधा कार्बन स्टीलचा पाइप थंडच वाकवला असेल, तर ताण किती पडला ते मोज: पाइपच्या व्यासाला बेंडच्या त्रिज्येने भाग, गुणिले ५०. ३डी बेंडला, म्हणजे त्रिज्या व्यासाच्या तिप्पट, साधारण १७ टक्के येतात, ५डीला १०. मग किमान इलाँगेशन, म्हणजे तुटण्याआधी पोलाद किती टक्के ताणलं जातं, ते बघ; सर्टिफिकेटवरचं नको, मटेरियलच्या स्पेकमधलं. त्याच्या निम्म्याच्या वर ताण गेला, की स्ट्रेस रिलीव्ह, म्हणजे तापवून आतला ताण घालवायचा. ५९५ ते ६५० अंश, मग भट्टीतच सावकाश थंड होऊ दे.

पी ९१, म्हणजे क्रोमियम-मोलिब्डेनम मिसळलेलं पोलाद, मात्र लाडावलेलं पोर. गरम वाकवलंस तर नुसतं टेम्परिंग, म्हणजे मध्यम तापवून कडकपणा उतरवणं, चालत नाही. अख्खा बेंड नॉर्मलाइझ करून, म्हणजे खूप तापवून हवेत थंड करून, मगच टेम्पर.

आणि थर्मोकपल, ती तापमान मोजणारी वायर! माझा एकदा पाइपला टेकलाच नव्हता, शेजारी हवेत लोंबत होता. चार्टवर रेघ अगदी सुरेख, हार्डनेस मात्र भलतीच. दोन दिवस पुन्हा तेच काम. तेव्हापासून वायर मी स्वतः ओढून बघतो. वळणाच्या बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही बाजूंना लाव. भिंतीची जाडी सारखी नसते. हो, खालचे सपोर्टही बघ, तापल्यावर पाइप झोल खातो.