नाशिककडे घरापुरता बटाटा लावायचाय, बेणं कापून लावू की अख्खं?

रब्बीत, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात लावणार असाल तर बिनधास्त कापा, फक्त फोडीला २-३ डोळे हवेत आणि वजन ४०-५० ग्रॅम, त्याहून बारीक केली की कोंब मरतुकडा येतो. जुनी माणसं फोडींना राख चोळून सावलीत सुकवायची, ते अजूनही चालतं. विळा मात्र मधेमधे जंतुनाशक औषधात बुडवत जा, नाहीतर एका सडक्या बटाट्याचा रोग सगळ्या बेण्याला. खरिपात अख्खंच लावा, पावसात फोडी कुजतात.

खरं काम पुढंय, महिन्याभरानं मातीची भर द्या, उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो आणि तो खायच्या लायकीचा राहत नाही. काढणीआधी ८-१० दिवस पाणी तोडा म्हणजे साल पक्की होते.