धुळ्यात घरामागे पॉलिकार्बोनेटचं ग्रीनहाऊस: तयार किट घ्यावं का फॅब्रिकेटरकडून करून घ्यावं?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. घरामागे 10 बाय 15 ची जागा आहे, ऑनलाइन किट घ्यावं का गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घ्यावं, शीट 4 एमएमची का 6 ची, आणि पुढे देखभाल काय, असं तुम्ही विचारलंय. मी अमळनेरला असते, माझ्याकडे मिरची-वांग्याची रोपं, पालेभाज्या आणि थोडी फुलझाडं अशाच शेडमध्ये असतात, म्हणजे सांगतेय ते आपल्याच हवेतलं सांगतेय.

किट घेऊ नका. ही किटं थंड मुलखासाठी बनलेली असतात, तिकडे ऊब आत धरून ठेवायची असते आणि आपल्याला ती बाहेर घालवायची असते. पॉलिकार्बोनेट म्हणजे कडक प्लॅस्टिकची पारदर्शक शीट, तिच्यातून ऊन आत येतं पण आत तापलेल्या मातीची, कुंड्यांची उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही, मग बाहेर 44 अंश असताना चारी बाजूंनी बंद केलेल्या खोलीत रोपांचं काय होईल ते तुम्हीच बघा. तुमच्या 150 स्क्वेअर फुटाला हवा खेळायला कमीत कमी 30 स्क्वेअर फूट उघडी जागा लागते, तीपण हवामान बरं असतानाच पुरते, आणि किटमध्ये छताला 2 बाय 2 ची एखाद-दुसरी झाकणं असतात. उंचीपण जेमतेम डोक्याएवढी.

म्हणून माझं सरळ मत असं की पॉलिकार्बोनेट फक्त छताला लावा, भिंती 40 मेशच्या (इंचाला 40 भोकांच्या) इन्सेक्ट नेटच्या, म्हणजे किडे अडवणाऱ्या जाळीच्या करा आणि त्यावर बाहेरून गुंडाळायचे पडदे. मधली उंची 10 ते 12 फूट ठेवा, आणि माथ्यावर आडवी लांब फट सोडून तिला जाळी आणि वरून पावसासाठी टोपी, कारण गरम हवा वरच जाते आणि तिला तिथून वाट पाहिजे. एवढं केलं तर पॉलिकार्बोनेटचे सगळे फायदे मिळतात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चची गारपीट, पावसाचा मारा, जानेवारीतली थंडी. तुमच्या धुळ्यात तर पारा 5-6 पर्यंत उतरतो, तेव्हा रात्री पडदे खाली सोडायचे, पण सकाळी नऊच्या आत वर करायचे, हे विसरायचं नाही, थंडीतपण आपलं दुपारचं ऊन कडक असतं आणि बंद शेड बघता बघता तापते.

शीटचं म्हणाल तर 6 एमएम ट्विनवॉल (दोन थर आणि मधे पोकळ नळ्या असलेली), क्लियर, यूव्ही कोटिंगवाली, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असलेली. 4 एमएम वादळात फडफडते. फॅब्रिकेटर तुम्हाला पार्किंगच्या शेडला लावतात ती निळी नाहीतर ब्राऊन शीट दाखवील, स्वस्तात देतो म्हणेल, तिला सरळ नाही म्हणा, झाडाला उजेड लागतो आणि रंगीत शीट तो खाऊन टाकते. क्लियर 6 एमएममधून साधारण 80 टक्के उजेड आत येतो. उन्हाळ्यात तो जास्त होतो हे खरं, पण त्याला उपाय वेगळा आहे, 50 टक्क्यांची शेडनेट मार्च ते जून शीटच्या वर, बाहेरून, मधे फूटभर अंतर ठेवून ताणायची. आतून लावली तर ऊन आत येऊन मग अडतं, त्याचा अर्धाही फायदा नाही. आणि पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं तेव्हा नेट काढली की पूर्ण उजेड परत, दुधी शीट घेतली तर ते जमत नाही.

पाया. तुमची जागा काळ्या मातीची असेल तर इथे कंजूषी करू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरच्यावर रोवलेले खांब तिच्यासोबत वर-खाली होतात, छत पिळवटतं आणि मग जोड उघडे पडतात. मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या, त्यात काँक्रीट. मे-जूनमधलं वादळ रावेर-यावलकडे केळीचे बागच्या बाग आडवे करतं, हे आपण दरवर्षी बघतो, शेड म्हणजे त्याच्यासमोर एक शीडच आहे. सांगाडा जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) चौकोनी पाइपचा, छतावर आडव्या पट्ट्या दोन-अडीच फुटांवर. वेल्डिंगच्या जागी झिंक प्रायमर, आणि पाइपची जी बाजू शीटला टेकते ती पांढरी रंगवा, कारण तापलेल्या काळ्या लोखंडाला टेकून शीट तिथूनच खराब होते. रंग पूर्ण वाळल्याशिवाय वर शीट ठेवू देऊ नका, थिनरने पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा पडतात.

आता बसवणं, हे उभं राहून करून घ्यायचं काम आहे. शीटच्या आतल्या पोकळ नळ्या नेहमी उताराच्या दिशेने, म्हणजे आत साचलेलं पाणी खाली वाहून जातं. वरचं तोंड अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने पूर्ण बंद, खालचं तोंड बारीक छिद्रांच्या टेपने, त्यावर यू प्रोफाइल, म्हणजे यू आकाराची पट्टी. खालीपण साधी टेप मारली तर पाणी आत अडकतं आणि वर्षभरात नळ्यांमधे हिरवं शेवाळ दिसायला लागतं, ते नंतर कशानेच निघत नाही. कापल्यावर नळ्यांमधला भुसा हवेने उडवून काढायचा, तो राहिला तर कायमचा राहतो. ज्या बाजूच्या फिल्मवर छापलेलं असतं ती यूव्हीची बाजू, ती वर आकाशाकडे. फिल्म काढल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, उलटी बसली तर दोन-चार वर्षांत पिवळी पडून ठिसूळ होते आणि विकणारा हात वर करतो. म्हणून शीट वर चढेपर्यंत फिल्म ठेवा आणि बसवली की त्याच दिवशी काढा, आपल्या उन्हात ती शीटला चिकटून बसते.

स्क्रूचं नीट लक्ष द्या. शीट एक मीटरला दर डिग्रीमागे 0.065 मिमी वाढते, म्हणजे थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत 3 मीटरची शीट जवळजवळ 1 सेमी लांब होते. पत्र्याच्या शेडची सवय असलेले कारागीर सेल्फ ड्रिलिंग स्क्रू थेट मारतात आणि ड्रिल पूर्ण दाबून धरतात, रबराचा वायसर पसरतो, त्याच्याभोवती शीटला गोल खळगी पडते, मग दुपारी शीटला सरकायला जागा नसते, ती मधेच फुगते आणि कधीतरी नेमकी त्या भोकापासून तडकते. भोक स्क्रूपेक्षा 3 मिमी मोठं आधी पाडायचं, वायसर ईपीडीएमचा (ऊन-पाऊस सोसणाऱ्या रबराचा), आणि वायसर शीटला नुसता टेकला की थांबायचं, बोटाने तो जरासा फिरला पाहिजे. सकाळी ऊन चढताना छत कटकट वाजतं, ते शीट सरकल्याचं आहे, घाबरू नका. जोड बुजवायचं सिलिकॉन न्यूट्रल घ्या, व्हिनेगरसारखा वास येतो ते नको. पीव्हीसीची पट्टीपण शीटला लावू नका.

फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणारे नोझल, लावा, पैसे वसूल होतात, कारण एप्रिल-मेमधली आपली हवा कोरडीठाक असते आणि कोरड्या हवेतच फवारा गारवा देतो, कूलर आपल्याकडे चालतो आणि कोकणात चालत नाही त्याचं कारणपण तेच. पण बोअरचं पाणी क्षाराचं असलं तर नोझल बंद होतात आणि शीटवर पांढरे डाग बसतात, त्यामुळे छताला पन्हाळ लावून पावसाचं पाणी टाकीत भरा आणि फॉगरला तेच वापरा. पावसाळा लागला की फॉगर बंद, ओल्या हवेत त्याने फक्त रोपं कोलमडतात. आणि एवढं सगळं करूनही मे महिन्यात भर दुपारी आत 35 च्या खाली ठेवणं अवघड आहे, त्याच्यावर गेलं की मिरची-टोमॅटोची फुलं गळतात, तेव्हा मेमध्ये फळांची आशा ठेवू नका, खरिपाच्या मिरचीची रोपं टाका, ती छान होतात. नुसती लाल कोळी या किडीवर नजर ठेवा, कोरड्या उन्हात ती पानाखाली फार लवकर वाढते.

देखभाल थोडीच आहे. होळीनंतर धूळ बसते ती आणि पावसाळा संपल्यावर एकदा, अशी दोनदा धुलाई, सकाळी शीट गार असताना, आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्यायची, मग साबणाचं पाणी आणि मऊ कापड. कोरडं पुसलं की ओरखडे पडलेच. थिनर, रॉकेल, काच पुसायचं अमोनियाचं लिक्विड काही लावायचं नाही, ईसी प्रकारच्या (सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेल्या) कीडनाशकाची फवारणी करतानाही शीटवर उडू देऊ नका, उडालं तर लगेच धुवा. मेअखेर शिडी लावून स्क्रू, टोपी आणि खालच्या टेपा तपासा, टेप सुटली असेल तर पाऊस यायच्या आत बदला. आणि शीट घेतानाच टेपचा एक जादा रोल आणि मूठभर वायसर घेऊन ठेवा, नंतर सुटे मागायला गेलात तर दुकानदार मिळेल तो पीव्हीसीचा वायसर हातात ठेवतो.