हेड सीटीचा डोस कमी केला की इमेज दाणेदार येते, काय करावं?

तुम्ही विचारलंय की प्रौढांच्या साध्या हेड सीटीला सीटीडीआय (मशीन दाखवतं तो डोसचा आकडा) ७० मिलिग्रे दाखवतोय आणि एमएएस (ट्यूबचा करंट गुणिले वेळ) उतरवलं की रेडिओलॉजिस्ट 'इमेज दाणेदार आहे' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी या तपासणीचा संदर्भ आकडा ६० मिलिग्रेच्या आसपास धरतात, म्हणजे खाली यायला जागा आहे. पण मी आधी विचारेन, ते कोणत्या जाडीच्या स्लाइस वाचतात?

मेंदूच्या ग्रे आणि व्हाइट मॅटरमधला फरक जेमतेम ८-१० हाउन्सफील्ड युनिटचा (सीटीवर घनता मोजायचं एकक). नॉइज, म्हणजे हा दाणेदारपणा, त्याच्या जवळ गेला की ताज्या स्ट्रोकमध्ये पुसट होत चाललेली सीमा हातची जाते. डोस निम्मा केला तर नॉइज ४१ टक्के वाढतो, ७० वरून ५५ वर आलात तर साधारण १३ टक्केच. उलट ५ मिमीऐवजी सव्वा मिमीची स्लाइस उघडली, तर त्याच डोसला नॉइज जवळजवळ दुप्पट! म्हणून स्कॅन पातळ घ्या, पण मेंदू वाचायला ४-५ मिमीच्या, सॉफ्ट कर्नलच्या (कर्नल म्हणजे इमेज बनवताना ती मऊ की तीक्ष्ण ठेवायची ते ठरवणारं सेटिंग) इमेज पाठवा. शार्प कर्नल हाडासाठी. अनेकदा तक्रार इथेच मिटते.

मग टेबलाची उंची बघा. डोकं गँट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) मध्यावर नसेल तर बोटाय फिल्टरचा (मध्ये पातळ, कडांना जाड अशा बीमवरच्या फिल्टरचा) जाड भाग चुकीच्या जागी येतो आणि एका बाजूला नॉइज वाढतो. शिवाय स्काऊट (स्कॅनआधीचं आखणीचं चित्र) घेताना डोकं ट्यूबच्या जवळ असेल तर ते मोठं दिसतं आणि ऑटो एमए (करंट आपोआप ठरवणारी सोय) विनाकारण जास्त करंट देतो. हे एमएएस बदलून सुधारत नाही.

लांबीही मोजा. ७० मिलिग्रे आणि १५ सेमी म्हणजे डीएलपी (डोस गुणिले लांबी) १०५०. तुम्ही ५५ वर आलात, पण स्कॅन मानेत उतरून १९ सेमी झाला, तर १०४५. सगळी मेहनत वाया! फोरामेन मॅग्नमच्या (कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्राच्या) जरा खाली थांबा. मानेला इजा झाल्याची शंका नसेल तर हनुवटी छातीकडे घ्या, म्हणजे डोळ्यांची भिंगं थेट बीममधून बरीचशी सुटतात.

दोन्ही पेट्रस हाडांमधला (कवटीच्या तळाशी, कानाजवळची हाडं) काळा पट्टा बीम हार्डनिंगचा, म्हणजे जाड हाडात बीममधले कमी ऊर्जेचे किरण गळून पडल्याचा असतो. तो घालवायला एमएएस वाढवू नका, आणि प्रौढांत त्यासाठीच १२० केव्ही (ट्यूबचं व्होल्टेज) सोडू नका. इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन (गणिताने नॉइज कमी करणारी पद्धत) मधल्या पातळीवर ठेवा. जास्त चढवलं की इमेज मेणासारखी गुळगुळीत होते, नॉइजचा आकडा छान दिसतो आणि नेमकी बारीक सीमा पुसली जाते.

एवढं झाल्यावर डोस १० टक्क्यांच्या टप्प्यांनी उतरवा. दर टप्प्याला ४० विंडोवर (म्हणजे अरुंद ग्रे-स्केलवर) मेंदूतल्या इन्सुलाची कड आणि लेंटिफॉर्म न्यूक्लियस हे भाग बघा. ती कड डळमळली की एक पायरी मागे या. डोकं पट्ट्याने नीट बांधा, कारण पेशंट हलल्यामुळे स्कॅन परत घ्यावा लागला तर डोस दुप्पट. शंटच्या (मेंदूतलं पाणी काढणाऱ्या नळीच्या) फॉलोअपला मात्र फक्त व्हेंट्रिकलचा (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीचा) आकार हवा असतो. तिथे निम्मा डोसही पुरतो, त्याचा प्रोटोकॉल वेगळाच ठेवा.