एंडोस्कोपीत जठरात गाठ दिसली, पण बायोप्सी नॉर्मल आली. मग गाठ साधीच समजायची का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ५८ आहे, हिमोग्लोबिन कमी म्हणून एंडोस्कोपी केली, जठरात ३ सेंमीची ‘सबम्युकोसल’ गाठ दिसली, चिमट्याने तुकडा घेतला आणि रिपोर्ट आला ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस, कॅन्सरच्या पेशी नाहीत’.

रिपोर्ट चुकीचा नाही, पण तो गाठीचा नाही. जठराच्या भिंतीत आतून बाहेर अस्तर, त्याखालचा सैल थर, मग स्नायू आणि शेवटी पातळ आवरण असतं. बायोप्सीचा चिमटा एका चाव्यात अस्तराचे दोन-तीन मिलिमीटर उचलतो. ‘सबम्युकोसल’ म्हणजेच गाठ अस्तराच्या खाली आहे. चादरीखाली लिंबू ठेवलंय आणि आपण चादरीचा धागा तपासलाय, असं हे झालं. क्रॉनिक गॅस्ट्रायटिस, म्हणजे अस्तराची जुनी सूज, तर आपल्याकडे कितीतरी जणांच्या रिपोर्टात असतं, त्याने हिमोग्लोबिनचं कोडंही सुटत नाही.

अशा जागी सर्वांत आधी शंका घ्यायची ती ‘जिस्ट’ (गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर) या दुर्मीळ, कधी कॅन्सरसारखी पसरू शकणाऱ्या गाठीची. ती स्नायूंच्या थरातल्या, आतड्याच्या हालचालींचा ताल राखणाऱ्या कहाल पेशींच्या घराण्यातली. १९९८ साली जपानमध्ये हिरोता आणि सहकाऱ्यांनी या गाठींतला ‘किट’ जनुकातला बदल दाखवला. त्याआधी यांतल्या बऱ्याच गाठी ‘लियोमायोमा’ (स्नायूची साधी गाठ) किंवा ‘लियोमायोसार्कोमा’ (स्नायूचा कॅन्सर) म्हणून नोंदल्या जात.

पुढची तपासणी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (ईयूएस). दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते, त्यामुळे भिंतीचे पाच पट्टे वेगवेगळे दिसतात. गाठ कोणत्या पट्ट्यातून निघाली यावर निम्मं निदान असतं. तिसऱ्या पट्ट्यात पांढरी, चकाकणारी गाठ बहुधा चरबीची. एंडोस्कोपीत ती पिवळसर दिसते आणि चिमट्याने दाबली की उशीसारखी खळी पडते. चौथ्या, म्हणजे स्नायूंच्या पट्ट्यातली काळपट गाठ जिस्ट असू शकते, लियोमायोमा किंवा श्वानोमाही (नसेच्या आवरणाची गाठ) असू शकते. नुसत्या चित्रावरून या तिघींत फरक ठरवणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. कधी गाठ नसतेच, बाहेरून प्लीहा टेकलेली असते. तेही इथेच कळतं.

नमुना घ्यायचा तर ईयूएसमधूनच, आणि आधीच विचारा: ‘एफएनए करणार की एफएनबी?’ एफएनएमध्ये बारीक सुईने पेशी ओढून घेतात, एफएनबीमध्ये उतीचा तुकडा कापून घेतात. एफएनएच्या सुईतून बऱ्याचदा सुट्या पेशीच येतात. त्या काचेवर पसरल्या की रिपोर्ट येतो ‘स्पिंडल सेल लीजन’, म्हणजे चातीच्या आकाराच्या लांबट पेशी. पण तिन्ही गाठींत पेशी अशाच दिसतात, मग गाडी तिथेच अडते. एफएनबीच्या २२ गेजच्या सुईने उतींचा बारीक दोरा मिळतो, त्याचा मेणाचा ब्लॉक बनतो आणि खास रंग लावता येतात. दोरा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्येच जायला हवा. सलाइनमध्ये तासन् तास राहिला तर पेशी कुजतात. आई क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेत असतील तर ती किती दिवस बंद ठेवायची हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा, परस्पर नको.

हे रंग पेशींतली ठरावीक प्रथिनं दाखवतात. त्यांचं गणित असं: जिस्टमध्ये सीडी११७ आणि डॉग-१ येतात, लियोमायोमात डेस्मिन, श्वानोमात एस-१००. यात एक फसगत आहे. मास्ट पेशीही (प्रतिकारशक्तीच्या पेशी) सीडी११७ घेतात आणि लियोमायोमात त्या व अडकलेल्या कहाल पेशी विखुरलेल्या सापडतात, म्हणून ‘सीडी११७ पॉझिटिव्ह’ एवढं पुरत नाही. गाठीच्या मूळ पेशी रंगल्या का, हे महत्त्वाचं. उलट काही जिस्टमध्ये सीडी११७ फिका येतो किंवा येतच नाही, तिथे डॉग-१ कामी येतो.

पोटाच्या कातडीतून सुई घालायला कुणी सांगितलं तर थांबा. या गाठी ठिसूळ असतात, फुटल्या तर पेशी पोटभर पसरू शकतात. गाठ सहज काढता येण्यासारखी असेल आणि रक्त जात असेल, तर काही सर्जन बायोप्सी न करता थेट शस्त्रक्रिया करतात. ते चूक नाही. शस्त्रक्रियेआधी इमॅटिनिब (जिस्टवरची गोळी) द्यायचं असेल किंवा लिम्फोमाची (लसिका पेशींच्या कॅन्सरची) शंका असेल तर मात्र बायोप्सी टाळता येत नाही. पसरलंय का हे पाहायला पोट आणि ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी लागतो. त्याआधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासतात. सीईए आणि सीए १९-९ या कॅन्सरसाठीच्या रक्ततपासण्यांवर पैसे घालवू नका, जिस्टमध्ये त्यांचा उपयोग नाही.

गाठ काढल्यावर रिपोर्टात चार गोष्टी शोधा: आकार, जागा, गाठ फुटली होती का, आणि ५ चौरस मिलिमीटरमध्ये पेशी-विभाजनं किती. ३ सेंमीची जठरातली गाठ, विभाजनं ५ किंवा कमी आणि गाठ अखंड, तर धोका फारच कमी. तशीच गाठ लहान आतड्यात असती तर धोका जास्त धरतात. सुईच्या नमुन्यावर ही मोजणी भरवशाची नसते.

इमॅटिनिबची वेळ आली तर आधी जनुक तपासणी मागा. किट जनुकाच्या एक्झॉन (जनुकाचा एक भाग) ११ मध्ये बदल असेल तर रोज ४०० मिग्रॅ सहसा चांगलं काम करतं, एक्झॉन ९ मध्ये पसरलेल्या आजाराला ८०० मिग्रॅपर्यंत नेतात आणि पीडीजीएफआरए या दुसऱ्या जनुकातल्या डी८४२व्ही बदलाला हे औषध लागूच पडत नाही.

दरम्यान शी डांबरासारखी काळी, चिकट झाली, चक्कर आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण डांबरासारखा चिकटपणा आणि उग्र वास सहसा नसतो. आणि लॅबमधून नुसता कागद आणू नका: दुसरं मत घ्यायला मेणाचा ब्लॉक आणि काचा दोन्ही लागतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणीही पॅथॉलॉजिस्ट तेच पाहून मत देतात. ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.