भुवयांसाठी आवर्ती ठेव मोडावी का?

आपले सांगलीहून, विश्रामबागेतून आलेले पत्र आणि सोबतच्या कोटेशनचा फोटो, दोन्ही नीट वाचले. गेल्या दीड वर्षात आपल्या भुवयांचे बाहेरचे टोक विरळ होत गेले आहे, फेब्रुवारीत नणंदेचे लग्न आहे, आणि पुण्यातल्या एका क्लिनिकने भुवयांवर केशरोपण सुचवले आहे. त्यासाठी मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी राखलेली आवर्ती ठेव मोडावी, डिसेंबरात सुरू होणारी भिशी पहिल्याच महिन्यात उचलावी, की क्लिनिकच्या हप्त्यांवर जावे, असे आपण विचारले आहे. यजमान याला ‘नसती हौस’ म्हणतात असेही लिहिले आहे. त्यांच्याशी मी सहमत नाही. शाळेत रोज चाळीस मुलांसमोर उभे राहणाऱ्या शिक्षिकेला स्वतःचा चेहरा आरशात ओळखीचा वाटावा, यासाठी केलेला खर्च हा खर्चच आहे, उधळपट्टी नव्हे. माझा आक्षेप आहे तो खर्चाच्या क्रमाला.

आधी कोटेशन पाहू. दोन्ही भुवया मिळून ५०० ग्राफ्ट (मुळासकट काढून रोपायचे केसांचे पुंजके), प्रत्येकी १४० रुपये, म्हणजे ७०,०००. हा आकडा ठळक आहे. तळाशी बारीक अक्षरांत ‘जीएसटी वेगळा’ असे आहे, आणि फोटो मोठा केल्याशिवाय ते मलाही दिसले नाही. वैद्यकीय सेवेला एरवी जीएसटी लागत नाही, परंतु केशरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रिया या सवलतीतून वगळलेल्या आहेत. जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीराची रचना किंवा कार्य पूर्ववत करायचे असेल तरच सवलत मिळते. आपल्या बाबतीत तसे काही नसल्याने १८ टक्क्यांप्रमाणे १२,६०० रुपये वाढतात आणि बिल ८२,६०० वर जाते. सांगली–पुणे फेऱ्या वेगळ्याच. आरोग्य विम्यावर विसंबू नये, कारण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना सोडली तर सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च पॉलिसीतून वगळलेला असतो.

आता लग्नाचा मुद्दा, ज्याने माझ्या मते प्रश्न निम्मा सुटतो. रोपलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुतांशी गळून जातात, नवे तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि खरा परिणाम दिसायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे आज ठेव मोडून शस्त्रक्रिया केली तरी फेब्रुवारीच्या फोटोंत आपल्या भुवया आजच्याहून भरलेल्या असतील असे नाही. त्या दिवसासाठी चांगली भुवयांची पेन्सिल आणि ती नीट लावणारी पार्लरवाली पुरे. ‘३१ तारखेपर्यंतच सवलत’ ही घाई क्लिनिकची आहे, आपली नाही.

आणि मुळात केस का गळाले, हे अजून कोणीही तपासलेले नाही. मी डॉक्टर नाही. पण पैशांचा निर्णय याच उत्तरावर टांगलेला असल्याने लिहितो. भुवईचा बाहेरचा एक तृतीयांश भाग विरळ होणे हे थायरॉइड मंदावल्याचे जुने, ओळखीचे लक्षण आहे, आणि आपण पत्रात थकवा व वाढते वजन यांचाही उल्लेख जाता जाता केला आहे. तसे निघाले तर उपचार गोळीचा असतो, तो स्वस्त असतो, आणि काही महिन्यांत केस परत येण्याची चांगली शक्यता असते. चाई (चकत्यांनी केस गळणे) लागली असेल, तर आजार सक्रिय असताना रोपलेले केसही गळू शकतात. तेथे त्वचारोगतज्ज्ञ इंजेक्शने किंवा इतर औषधे देतात. वर्षानुवर्षे आयब्रो करून मुळेच निकामी झाली असतील, तर मात्र केशरोपणाला अर्थ आहे. क्वचित कुष्ठरोगातही भुवया जातात. कुठे बधिर चट्टा असेल तर त्याच आठवड्यात सरकारी रुग्णालय गाठावे, ते औषध मोफत मिळते. मिरजेसारखे वैद्यकीय गाव शेजारी असताना त्वचारोगतज्ज्ञाची फी आणि टीएसएच (थायरॉइड मंदावल्यास हे वाढते), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) वगैरे रक्ततपासण्या मिळून खर्च तीन हजारांच्या आत बसावा. ८२,६०० रुपयांच्या निर्णयाआधी हे तीन हजार न खर्चणे, हीच खरी उधळपट्टी ठरेल.

मायक्रोब्लेडिंगचा, म्हणजे त्वचेत रंग भरून भुवया रेखण्याचा, पर्याय आपण ‘स्वस्त’ म्हणून लिहिला आहे: पहिल्यांदा १५,००० आणि दर दीड वर्षाने रंग पुन्हा भरायला ६,०००. दहा वर्षांत सहा वेळा भरावे लागले तर ५१,००० होतात. केशरोपण त्याहून ३१,६०० ने महाग पडते. ते लागू पडले तर पुन्हा मोठा खर्च नाही, फक्त रोपलेले केस डोक्यावरून घेतलेले असल्याने ते वाढत राहतात आणि कातरावे लागतात. हिशेबाने दोन्ही टिकतात. पण केस का गळाले हे न कळता दोन्ही टिकत नाहीत.

पैसा कोठून आणावा, याबाबत: ठेवीचे १७ हप्ते भरून झाले आहेत, सात उरले आहेत, ती मोडल्यास व्याज कमी होते आणि जुलैत मुलीच्या प्रवेशाला पुन्हा हात पसरावे लागतात. तिला हात लावू नये. भिशी २० जणींची, ५,००० ची. पहिल्याच महिन्यात बोली लावून एक लाखातले १४,००० सोडून ८६,००० उचलण्याचा आपला बेत आहे. इतरांच्या बोलीतून पुढे थोडे परत येईल हे खरे, पण ते चौदा हजार म्हणजे नाव बदललेले व्याजच. क्लिनिकच्या ‘शून्य व्याजा’बद्दल इतकेच, की अशी गोष्ट अस्तित्वात नसते हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, व्याज किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात मुरवलेले असते.

त्यापेक्षा भिशीत जाणारे ५,००० डिसेंबरपासून वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकावेत. जुलैपर्यंत ४०,००० जमतील. जुनी ठेव संपल्यावर ऑगस्टपासून तिचाही ५,००० चा हप्ता इकडे वळवल्यास पुढच्या डिसेंबरात ९०,००० मुद्दल हाताशी असेल, एक रुपयाही कर्ज न काढता. तोवर उपचारांचा निकालही कळलेला असेल. केशरोपणच करायचे ठरले, तर शस्त्रक्रिया कोणते नोंदणीकृत डॉक्टर करणार, ग्राफ्ट किती, आणि केस न उगवल्यास पुढे काय, हे लेखी घ्यावे व पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये.

टीएसएच वाढलेला निघाला, तर हे कोटेशन निदान सहा महिने उघडायचीही गरज नाही. भिशी चालवणाऱ्या वहिनींना मात्र या आठवड्यातच नकार कळवा. पहिला हप्ता भरल्यावर मागे फिरणे अवघड होते.