जर्मन रणगाड्यांची सचित्र पुस्तके : आधी फोटोखालची ओळ वाचा

प्रश्न (पुणे) : पहिलेच पुस्तक घ्यायचे आहे. सगळ्या जर्मन रणगाड्यांवरचे ३०० पानी घेऊ, की एकाच रणगाड्यावरचे ४८ पानी?

नुसती ओळख करून घ्यायची असेल तर जाडे घ्या. पॅन्झर-१ पासून किंग टायगरपर्यंत कोण कोणानंतर आले, हे त्यात एका बैठकीत कळते. त्याचा कमकुवतपणा तक्त्यांत दिसतो. दुकानात पुस्तक हातात घेतलेत की पॅन्झर-४ चे पान काढा. हा रणगाडा १९३७ पासून १९४५ पर्यंत बनत राहिला. सुरुवातीला त्याचे पुढचे चिलखत १४.५ मिमी होते, ते शेवटी ८० मिमी झाले. वजन साधारण १८ टनांवरून २५ टनांवर गेले आणि आखूड नळीच्या तोफेच्या जागी लांब नळीची आली. तक्त्यात चिलखताचा एकच आकडा असेल आणि तो कुठल्या आवृत्तीचा हे लिहिले नसेल, तर बाकीचे तक्तेही तसेच उरकलेले असणार.

दुसरी खूण किंग टायगरच्या पानावर सापडते. पहिल्या ५० गाड्यांच्या टरेटला (तोफेच्या फिरत्या बुरुजाला) ‘पोर्श टरेट’ आणि नंतरच्यांना ‘हेन्शेल टरेट’ म्हणायची पद्धत पडली आहे, पण दोन्ही टरेट क्रुप या तिसऱ्याच कंपनीचे. रूढ नाव वापरून पुस्तक हा खुलासा देत असेल तर हरकत नाही. ‘पोर्शने बनवलेले टरेट’ असे सरळ छापले असेल तर मजकूर जुन्या पुस्तकांवरून उतरवलेला आहे, हे ओळखा. पॅन्झर-३ आणि ४ च्या बाजूला लोंबणारे पातळ पत्रे हीही अशीच कसोटी. ते रशियन १४.५ मिमी रणगाडाविरोधी रायफलींसाठी बसवले होते. बझूकासाठी (अमेरिकी खांद्यावरच्या रॉकेटसाठी) बसवले, असे अनेक पुस्तके अजूनही लिहितात.

पातळ पुस्तकात महिनावार बदल मिळतात, पण ते तुम्हाला बरेच ठाऊक आहे असे धरून चालते. म्हणून ते दुसरे घ्यावे.

प्रश्न (ठाणे) : एकच टायगर एका पुस्तकात मोहरीसारखा पिवळा आहे, दुसऱ्यात मातकट. खरा कुठला?

दोन्ही चित्रकार प्रामाणिक असू शकतात. फेब्रुवारी १९४३ च्या आदेशानुसार कारखान्यातून गाडी गडद पिवळ्या रंगात निघायची. हिरवा आणि तांबूस तपकिरी रंग घट्ट लगद्याच्या रूपात तुकडीकडे यायचे. ते पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये कालवून लावायचे. पेट्रोल हाताशी नसले, पाणी जास्त पडले, फवाऱ्याऐवजी ब्रश वापरावा लागला, की छटा बदलली. एकाच तुकडीतल्या दोन गाड्या वेगळ्या दिसायच्या.

त्यात पुरावा बहुतेक कृष्णधवल फोटोंचा. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडा जवळजवळ काळा उमटतो, पँक्रोमॅटिकवर तसे होत नाही. चित्रकार राखाडी छटेवरून रंग ताडतो आणि शेवटी छापखाना चार शाईंत त्याला आणखी थोडे सरकवतो. आगफाची रंगीत फिल्म १९३६ पासून होती, पण तिचेही रंग काळाबरोबर उतरतात. त्या काळचा रंगीत फोटो छापला आहे, म्हणून त्यावरून मॉडेलच्या रंगाची डबी जुळवायला जाऊ नका.

याहून मोठी चूक १९३९ च्या पोलंड मोहिमेच्या चित्रांत असते. तेव्हाचे रणगाडे सरसकट राखाडी रंगवलेले दाखवतात. प्रत्यक्षात १९४० च्या मध्यापर्यंत गडद राखाडीवर साधारण एक तृतीयांश भाग गडद तपकिरी असायचा. जुन्या फोटोंत हे दोन रंग एकमेकांत मिसळून जातात, म्हणून कित्येक वर्षे ते कुणाच्या लक्षातच आले नाही.

रंगीत पानावर मूळ फोटो कुठला ते लिहिले आहे का, एवढे बघा. फोटोत गाडीची एकच बाजू दिसते, दुसरी बाजू चित्रकाराच्या अंदाजाची. तसे स्पष्ट सांगणारे पुस्तक मी नेहमी वरच्या फळीवर ठेवतो. संग्रहालयातल्या गाडीचे फोटो रंगासाठी धरू नका. ट्युनिशियात एप्रिल १९४३ मध्ये हाती लागलेला, इंग्लंडमध्ये बॉव्हिंग्टनला असलेला टायगर १३१ सुद्धा पुन्हा रंगवलेला आहे. बोल्ट, वेल्डिंगचे सांधे आणि बिजागऱ्या पाहायच्या असतील तर मात्र त्याच्यासारखा आधार नाही.

प्रश्न (नाशिक) : फोटोखालची ओळ बरोबर आहे की नाही, हे घरबसल्या कसे तपासायचे?

तारीख आणि भाग जुळवून पाहायचे. रशियातली कुर्स्कची लढाई जुलै १९४३ ची, म्हणून ती ओळ तपासायला सर्वांत सोपी. टायगरला रबराऐवजी पोलादी कडांची चाके दिसली तर फोटो फेब्रुवारी १९४४ नंतरचा. चिलखतावर रेघोट्यांचा झिमेरिट लेप (चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून लावलेला) असेल तरी कुर्स्क नाही, कारण कारखान्यात तो १९४३ च्या उन्हाळ्याअखेर सुरू झाला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये बंद झाला. कुर्स्कचे पँथर सगळे ‘डी’ आवृत्तीचे, सुमारे २००. त्यांच्या पुढच्या मशीनगनला पत्रपेटीसारखी झडप असते. गोल उंचवटा दिसला तर ती नंतरची गाडी.

फोटो उलटा छापलेला असणे ही दुसरी नेहमीची चूक. पॅन्झर-३, ४, पँथर आणि टायगर, सगळ्यांत चालक डावीकडे आणि हलमधली (गाडीच्या खालच्या धडातली) मशीनगन उजवीकडे. गाडी समोरून दिसत असेल तर मशीनगन तुमच्या डाव्या हाताला यायला हवी. उजवीकडे आली तर निगेटिव्ह उलटी लागली आहे, आणि टरेटवरच्या क्रमांकावरून तुकडी ओळखायच्या फंदात पडू नका.

दहापट भिंग असेल तर तेही लावा. मूळ फोटोवरून छापले असेल तर ठिपक्यांची जाळी एकसारखी दिसते. दुसऱ्या पुस्तकातून उचललेल्या फोटोत दोन जाळ्या एकमेकींवर येऊन लाटांची नक्षी उमटते आणि बारीकसारीक तपशील विरघळतो.

प्रश्न (डोंबिवली) : पुस्तकातला आराखडा १/३५ प्रमाणाचा म्हणतात, पण माझ्या मॉडेलच्या किटशी जुळत नाही.

पट्टी घ्या. टायगर-१ ची तोफेसह लांबी ८.४५ मी, म्हणजे कागदावर २४.१ सेंमी. लढाईच्या रुंद पट्ट्यांसह (ट्रॅकसह) रुंदी ३.७० मी, म्हणजे १०.६ सेंमी. चाकाचा व्यास ८०० मिमी, म्हणजे जवळजवळ २३ मिमी. तिन्ही मोजा. तिन्ही सारख्याच प्रमाणात कमी भरली तर आराखडा छापताना आकसला आहे. मग त्याच प्रमाणात मोठी झेरॉक्स काढा. लांबी बरोबर आणि रुंदी चुकीची असेल तर तो ताणला गेला आहे, त्यावर वेळ घालवू नका. २४ सेंमीचे चित्र ए-४ पानावर आडवेच बसते. दोन पानांवर पसरले असेल तर शिवणीत काही मिलिमीटर गडप होतात, आणि ते नेमके टरेटच्या कड्याजवळ.

रुंदी कमी भरली तर आणखी एक बघा : रेल्वेने नेताना टायगरला ७२५ ऐवजी ५२० मिमीचे अरुंद पट्टे घालत. आराखडा कदाचित त्या अवस्थेतला असेल.

प्रश्न (कोल्हापूर) : ‘एका टायगरने शेकडो रणगाडे उडवले’ हे आकडे मानायचे का?

ते दावे म्हणून वाचा. जर्मन लष्कराची पूर्व आघाडीवरची गुप्तवार्ता शाखा स्वतःच आपल्या तुकड्यांच्या दाव्यांतून मोठी वजावट करायची. उलट बाजूचेही तसेच. कुर्स्कच्याच मोहिमेतल्या, १२ जुलै १९४३ च्या प्रोखोरोव्काच्या लढाईत शेकडो जर्मन रणगाडे, त्यांत डझनावारी टायगर नष्ट झाले असे जुनी पुस्तके सांगत. जर्मन कागदपत्रांनुसार तिथे लढणाऱ्या एसएस पॅन्झर कोअरकडे (नाझी एसएसच्या रणगाडा दलाकडे) तेव्हा चालू स्थितीतले टायगर पंधराच्या आसपास होते.

या पुस्तकांची खरी उणीव मला मात्र वेगळी वाटते. डिसेंबर १९४४ च्या बेल्जियममधल्या आर्देन मोहिमेवर किंग टायगरची देखणी चित्रे छापायची आणि त्याच मोहिमेत पायपर या एसएस अधिकाऱ्याच्या तुकडीने १७ डिसेंबरला माल्मेदीजवळ ८४ अमेरिकी कैद्यांना गोळ्या घातल्या, हे गाळायचे. पॅन्झर-४ बनवणाऱ्या ऑस्ट्रियातल्या सेंट व्हॅलेंटीनच्या कारखान्यात माउटहाउझेन छळछावणीचे कैदी राबत होते. कारखान्याचे फोटो छापणाऱ्या पुस्तकात त्या माणसांसाठी दोन ओळी हव्यातच.

प्रश्न (अहिल्यानगर) : आपल्याकडच्या रणगाडा संग्रहालयात टायगर आहे का?

नाही. मटिल्डा, चर्चिल, व्हॅलेंटाइन आहेत, म्हणजे समोरच्या, ब्रिटिश बाजूचे. प्रत्यक्ष आकाराचा अंदाज येण्यासाठी तेही जरूर पाहा.

प्रश्न (रत्नागिरी) : पावसाळ्यात गुळगुळीत पाने एकमेकांना चिकटली. काय करू?

आर्ट पेपरवर मातीचा लेप असतो. तो ओला झाला की गोंदासारखा वागतो आणि तसाच सुकला तर पाने कायमची जोडली जातात. ओढाल तर फोटोचा पापुद्रा निघेल. पुस्तक अजून ओले असेल तर सुकू देऊ नका. पाने हलक्या हाताने सोडवून प्रत्येक दोघांमध्ये बटरपेपर घाला आणि पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. एका दिवसात जमणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि थोडे थोडे काढून सोडवा. पुढच्या पावसाळ्याआधी पुस्तके भिंतीपासून चार बोटे दूर, उभी आणि सैल ठेवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रंग बदलला की त्या बदला.